पसाभर बाजरीचं पोर

सिल्व्हियामावशीचं नाव गावाला कधी जमलंच नाही. हायवेलगतच्या मिशनच्या दवाखान्यात ती आया म्हणून लागली, तेव्हापासून मिरजगावच्या अंगाला सगळे तिला शिलूमावशीच म्हणतात. दवाखाना तेव्हा कसला, कौलारू तीन खोल्या आणि पुढं कडुलिंब. गोऱ्या डॉक्टरीणबाई मायदेशी गेल्या नि त्यालाही टाळं लागलं. मग गावानंच मनावर घेतलं. चर्चवाल्यांनी जागा दिली, बागायतदारांनी विटा टाकल्या, ज्यांच्याकडं काहीच नव्हतं त्यांनी पाया खणला, आणि इतके दिवस पदराच्या गाठीत जपलेली किल्ली मावशीनं सोडून दिली. आज तिथं तीन मजले आहेत, लिफ्टही आहे, पण मावशी लिफ्टमध्ये पाऊल टाकत नाही. डबड्यात बसून मला वर जायचं नाही, वर न्यायला देव बसलाय, म्हणते.

बाळंतपणाच्या खोलीत मात्र तिचंच राज्य. आवाज असा, की कळा देणारी बाई ओरडायची थांबून हिच्याकडं बघत राही. पण तिची खरी ख्याती वेगळीच. जिची पोरं जगत नाहीत तिनं नवं पोर दुसऱ्याला विकून टाकायचं, म्हणजे काळाची नजर चुकते, ही आपल्याकडची जुनी रीत. अशा बाया पोर घेऊन मावशीकडं यायच्या. मावशी घरातून पसाभर बाजरी आणायची, आईच्या ओटीत टाकायची आणि पोर उचलून घ्यायची. ख्रिस्ती माणसाला हे शोभतं का, म्हणून पाळकसाहेबांनी एकदा हटकलं. मावशीनं मान खाली घालून सगळं ऐकलं आणि पुढच्या बाजारात बाजरी जरा जास्तच घेतली.

कारण तिचा डाव निराळा होता. बाजरी ओटीत पडली की ती कमरेवर हात ठेवून घरच्यांना सुनवायची, "आता पोर माझं हाय. नाळेला राख लावाल तर याद राखा. सुया मी सांगीन तवा टोचायच्या." पोर मावशीचं म्हटल्यावर सासूसुद्धा तोंड उघडत नसे. पोरं लसीला येऊ लागली, जगू लागली, एकीचं बघून दुसरी येऊ लागली. दवाखाना वाढला तो असा, बरं का!

कल्याण त्या सगळ्यांत लाडका. दवाखान्यामागच्या वस्तीवरची दगडाबाई ऊसतोडीला श्रीगोंद्याकडं जायची, आणि तिची आधीची लेकरं फडावरच गेली होती. कल्याणला विकत घेतलं तेव्हाच मावशीनं बजावलं, की माझं पोर फडावरच्या पाचटाच्या कोपीत राहणार नाही. दगडाबाई तोडीला गेली की तो दवाखान्याच्या आवारात, मावशीच्या खोलीत राही. तिथंच तो रांगला, तिथूनच शाळेत गेला, आणि मोठा झाल्यावर दवाखान्याचीच ॲम्ब्युलन्स चालवायला लागला. मावशीनं लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणे, एवढ्या पोरांतून सवड कुठं मिळाली?

यंदा मावशी निवृत्त झाली. डायलिसिसच्या नव्या इमारतीसाठी तिची खोली पाडायची होती, आणि पिंपरीच्या भाच्यानं, विल्सननं, तिच्यासाठी खोली रंगवून ठेवली होती. मावशीला जायचं नव्हतं. पण इथं राहायचं ते कोणत्या नात्यानं, हे तिला सांगता येईना. त्यातच कल्याणचं निकिताशी लग्न ठरलं. विकलेलं पोर लग्नाआधी आईनं परत घ्यायचं असतं. आईनं बाजरी परत करायची, आणि घेणारीनं तोंडानं म्हणायचं, तुझं पोर तुला दिलं. म्हणजे होतं नव्हतं ते नातंही संपलं. मावशीनं मुकाट्यानं ट्रंक भरली.

हळदीच्या दिवशी दगडाबाईनं मांडवात सूप पुढं केलं. कल्याण हळद माखून पाटावर बसलेला. मावशीनं बाजरी मुठीत घेतली, न्याहाळली आणि म्हणाली, हिच्यात खडे आहेत. लोक हसले. दगडाबाईनं दुसरी आणली. ती मावशीला बारीक वाटली. आपण दिली होती ती कशी टपोरी होती, यावर ती बोलतच राहिली. शेवटी कल्याणचा मामा छगन कावला, वेळ टळतेय म्हणाला. मावशीनं मुठीतली बाजरी सुपात सोडली. 'तुझं पोर' एवढं म्हणाली, पण पुढं शब्द फुटेना. अख्ख्या पंचक्रोशीला धाकात ठेवणारी बाई तोंडाला पदर लावून रडायला लागली.

दगडाबाईनं सूप खाली ठेवलं आणि ती तिच्या शेजारी टेकली. "नगं देऊ," ती हळूच म्हणाली. "राहू दे तुझंच. पर मंग निकिता तुझी सून झाली. नव्या सुनंला घरात सासू लागती. मी निम्मं साल फडावर. तू पिंपरीला जाऊन बसल्यावर तिनं कुनाकडं बघायचं?"

छगन रीतीचं काहीतरी बोलायला गेला. रीत पोर जगावं म्हणून होती, ते जगलंय, असं म्हणून दगडाबाईनं त्याला गप्प केलं. मावशीनं डोळे पुसले, आणि तिला पहिली आठवण झाली ती ट्रंकेची. जड हाय, दोघं जावा, असं सांगून तिनं पोरांना खोलीकडं पिटाळलं.

संध्याकाळी पिंपरीहून विल्सनचा फोन आला, निघतेस कधी म्हणून. मावशी तेव्हा दगडाबाईच्या ओट्यावर बसून तीच बाजरी निवडत होती.

"कसं जमायचं रे," ती म्हणाली, "उद्या माझी सून यायचीय."