एल्डन पडतो तो व्हिडिओ

सकाळी कॉम्प्युटर उघडला की व्हर्ना लाहती रोज आधी एकच बघायची. आपलं व्हिडिओंचं चॅनेल जागेवर आहे ना? ते दिसलं की मगच ती कॉफीत साखर घालायची.

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या टॅमरॅक बे गावात तिचं केस कापायचं दुकान होतं. गुडघ्यांनी दगा दिल्यावर तिने ते बंद केलं. नवरा रेनो त्याआधीच गेला होता. तळघरात टेपांनी भरलेली दोन कपाटं राहिली. एक रेनोचं. गावच्या मायनर्स या आइस हॉकी संघाची एकही मॅच त्याने सोडली नव्हती. खांद्यावर कॅमेरा आणि मुंडी वाकडी, असा तो थंडीत उभा राहायचा. दुसरं कपाट तिचं. टीव्हीवर दुपारी लागणारे जुने नाचगाण्याचे सिनेमे तिने वर्षानुवर्षं टिपून ठेवले होते. गावची खाण बंद पडली, मागोमाग संघही मोडला. हिवाळे मात्र तेवढेच लांब राहिले. वेळ जावा म्हणून व्हर्ना टेपा कॉम्प्युटरवर चढवायला शिकली. एकदा तिच्या ध्यानात आलं की बर्फावर गिरकी घेणारा आपला बचावपटू आणि पडद्यावर गिरकी घेणारा नट एकाच ठेक्यात फिरतात. तिने दोघांना एकापाठोपाठ एक जोडलं, खाली सिनेमातलं गाणं सोडलं आणि लोकांना बघायला इंटरनेटवर टाकलं.

बघणारे फार नव्हते, पण होते ते जिवाभावाचे. "हा माझा बाप. याचं हलतं-बोलतं चित्र आमच्याकडे एकही नाही," असं डुलूथ शहरातल्या एका बाईने खाली लिहिलं, तेव्हा व्हर्नाने ते दिवसभर पुन्हा पुन्हा वाचलं.

भीती होती ती सिनेमांच्या मालक कंपनीची. गाणी त्यांची, चित्रं त्यांची. कंपनीने बोट उचललं की चॅनेल साफ. शेजारी राहणारी थोरली बहीण इल्मा तिला चिडवायची, "आली का गं पोलिसांची गाडी? तुरुंगात मी खिमा भरलेली पॅस्टी घेऊन येईन हो. सलगम जास्त घालून."

"तू गप्प बस. तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला एवढंच कळतंय, की तू या वयात चोरी करतेस आणि वर घाबरतेस. एक काहीतरी कर."

त्या फेब्रुवारीत व्हर्नाने एल्डन ट्रेगिअरचा व्हिडिओ केला. एल्डन एकेकाळी मायनर्सचा गोलरक्षक. अंतिम सामना बरोबरीत होता, जादा वेळ चालू होता आणि समोरच्या संघाने अर्ध्या मैदानावरून एक मेलेला फटका मारला. हॉकीची चकती बर्फावरून रांगत रांगत आली. एल्डन तिला अडवायला वळला, पाय घसरला, दोन्ही तंगड्या वर झाल्या आणि चकती त्याच्या खालून आरामात जाळ्यात गेली. करंडक हुकला. गावाने त्याला काही वर्षं ऐकवलं, मग हळूहळू विसरलं. एल्डन जिल्ह्याचा, रस्त्यावरचा बर्फ उपसायचा ट्रक चालवू लागला. सगळे त्याला हात करायचे.

व्हर्नाच्या मनात वाईट नव्हतं. तिच्या एका आवडत्या सिनेमात टोपीवाला नट जिन्यावरून घसरतो, आपटतो, आणि मग असा काही नाचतो की सगळी हवेली टाळ्या वाजवते. तिने एल्डनचं पडणं त्या घसरण्याला जोडलं आणि नटाच्या नाचाला एल्डनने त्या मोसमात अडवलेले एकाहून एक फटके लावले. पडतो, आणि उठतो. तिला ते फार सुंदर वाटलं होतं. टाकायच्या आधी एल्डनला विचारावं, हे डोक्यातच आलं नाही. रेनोही कुठे कोणाला विचारायचा?

कोणीतरी परक्याने त्यातला उठण्याचा भाग छाटला. उरलं ते एल्डनचं आणि जिन्यावरच्या नटाचं पडणं, पुन्हा पुन्हा, गाण्याच्या तालावर. ते आगीसारखं पसरलं. लोक त्यावर आपापली गाणी लावू लागले, खाली वाटेल ते लिहू लागले. म्हातारे, पोरं, परदेशातले कोण कोण, सगळे एल्डनला हसत होते.

व्हर्नाने आपला व्हिडिओ लगेच काढून टाकला. पण हातातून सुटलेली पिसं गोळा होतात थोडीच! एक नक्कल दिसेनाशी झाली की दुसरीकडे चार उगवत. ती दिवसभर शोधत बसायची. पेट्रोल पंपावर तिने शाळेतली पोरं पाहिली. एक जण तंगड्या वर करून बर्फात पडत होता, बाकीचे खिदळत होते. ती गाडीतून उतरलीच नाही.

शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये मासे तळतात, गाव जेवायला जमतं. एल्डन आणि त्याची बायको मार्लिस यांची जागा ठरलेली, खिडकीपाशी. ती रिकामी होती. पुढच्या शुक्रवारीही.

मग बर्फ पडला. रस्ता उपसत जाताना ट्रक प्रत्येकाच्या फाटकापाशी बर्फाचा बांध टाकतो, पण एल्डन व्हर्नाच्या घरापाशी ट्रकचं पुढचं पातं उचलून घ्यायचा. रेनो गेल्यापासून त्याने हे कधी चुकवलं नव्हतं. त्या दिवशी सकाळी फाटकात कमरेइतका बांध होता.

"विसरला असेल," व्हर्ना म्हणाली.

इल्मा फावडं घेऊन आली होती. तिने बांधाकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं. "जा त्याच्याकडे," ती म्हणाली. "किती दिवस खिडकीतून बघणार आहेस?"

"तो दारातच उभा करेल मला."

"करू दे की. त्याला तेवढा हक्क आहे."

एल्डनच्या घरचं दार मार्लिसने उघडलं. तिने आत बोलावलं नाही. "तो गोठलेल्या खाडीवर आहे, मासे पकडायच्या खोपटात. कामावरून आला की तिकडेच जातो. जेवायला ये म्हटलं तर ऐकत नाही." मग म्हणाली, "व्हर्ना, बाकीच्यांनी खोपटी किनाऱ्यावर ओढून आणली गं. बर्फ आता धड राहिला नाही. मी सांगून थकले."

व्हर्ना तिथूनच वळली. ती किनाऱ्यावर गेली. खाडी गोठलेली, वर पाण्याचा पातळ थर, आणि लांब ते एकटं हिरवं खोपटं. ती बर्फावर उतरली; तो मधूनच करकरत होता. दर पावलाला तिला वाटे, आता फुटणार. परत फिरावं असंही वाटलं, पण त्याला काही झालं तर आपण काय तोंड दाखवणार, या विचाराने पाय पुढे पडत राहिले.

एल्डन बर्फातल्या भोकापाशी बादली उलटी करून बसला होता. त्याने मान वर केली. "तू चालत आलीस? या बर्फावरून? वेडी आहेस काय?"

"तू बसलायस ना याच बर्फावर."

"मला तो कळतो." त्याने दुसरी बादली पायाने पुढे सरकवली. "बस. मधोमध नको, कडेला."

ती बसली. वाटेत जुळवलेलं सगळं बोलणं विसरली. "एल्डन, मी तसं केलं नव्हतं. माझ्या व्हिडिओत तू उठतोस."

"पाहिलं मी. मार्लिसने दाखवलं." तो गळाची दोरी बोटावर गुंडाळत राहिला. "लोकांनी ते विसरायला माझं अर्धं आयुष्य गेलं, व्हर्ना. पोरगी लग्न होऊन परगावी गेली, तिथे कोणाला ठाऊक नव्हतं. आता नातवाच्या वर्गात ठाऊक आहे. मला विचारायचं तरी होतंस."

"हो. विचारायला हवं होतं."

"मग काढून टाक."

"माझं काढलं रे, लगेच. बाकीचे माझ्या हातात नाहीत."

"मग कोणाच्या हातात आहेत?"

तिला उत्तर ठाऊक होतं. इतकी वर्षं त्याचीच तर भीती बाळगली होती. सगळ्या नकलांखाली अजून तेच गाणं होतं, नाहीतर त्या नटाचा जिना होता. कंपनीच्या मनात आलं तर तिच्या कॉम्प्युटरांना ते कुठेही सापडलं असतं आणि तिला ते काढायलाही लावता आलं असतं. पण कंपनीला सांगायचं, तर मूळ कुठून आलं हेही सांगावं लागणार.

परतताना एल्डन तिच्या पुढे चालला. "माझ्या पावलात पाऊल टाक," एवढंच म्हणाला.

घरी आल्यावर कंपनीला लिहायचा बेत ऐकून इल्मा म्हणाली, "आपल्याच घराला काडी लावणार म्हण की! आणि ती डुलूथची बाई? तिच्या बापाचं काय?"

तोच प्रश्न व्हर्नाला पोखरत होता. चॅनेल गेलं तर एल्डनबरोबर सगळेच जाणार. तिने चॅनेलवर लिहून टाकलं, की हे लवकरच बंद होणार आहे, ज्याला आपलं माणूस हवं असेल त्याने उतरवून घ्यावं. कारण लिहिलं नाही. डुलूथच्या बाईला तर फोनच केला आणि तिच्या बापाची टेप पोस्टाने पाठवली. मग कंपनीला सगळं खरं लिहिलं: हे तुमचं आहे, मी न विचारता घेतलं, माझ्यामुळे पसरलं, एका माणसाची दैना चालली आहे, सगळीकडून काढून टाका.

उत्तर येईना. कंपनीने लक्षच दिलं नाही तर? आणि दिलं तर? सकाळी कॉम्प्युटर उघडून ती अजूनही आधी तेच बघायची, पण चॅनेल अजून दिसतंय म्हणून आता तिची निराशा व्हायची.

एप्रिलमध्ये एका सकाळी तिथे करडी चौकट दिसली. चॅनेल नव्हतं. तिने एल्डनच्या नकला शोधल्या. एक गेली होती, दुसरी गेली होती, तिसरी गेली होती. ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. सुटल्यासारखं वाटलं आणि रडूही आलं. इल्मा आली, तिने सरळ सॉना, म्हणजे वाफेच्या आंघोळीची खोली, तापवायला घेतली.

एल्डन आला तो खाडीवरचा बर्फ वितळल्यावर, वर्तमानपत्रात गुंडाळलेला ट्राउट मासा घेऊन. टोपी काढून स्वयंपाकघरातच उभा राहिला. व्हर्नाने कॉफी ओतली, वेलदोड्याचा गोड पाव कापला.

"सगळं गेलं म्हणतात," तो म्हणाला.

"टेपा आहेत खाली."

"हं." त्याने पाव कॉफीत बुडवला. "पंपावरची पोरं अजून पडतात, बरं का. त्यांना आता व्हिडिओ लागत नाही. अंगातच भिनलंय."

व्हर्नाचा चेहरा उतरला. म्हणजे एवढं करून काय मिळवलं?

"परवा ट्रक थांबवून उतरलो मी," एल्डन सांगत राहिला. "पोरं पांढरीफटक पडली. म्हटलं, गाढवांनो, चुकताय. आधी डावा पाय गेला होता. उजवा नंतर." त्याने टेबलाखाली पाय हलवून दाखवला. "एक पोरगं म्हणालं, आजोबा, दाखवा ना."

"मग?"

"मग काय! गुडघे आहेत का माझे तसले?"

हसावं की नाही, तिला कळेना. तोही हसत नव्हता, पण त्याने दुसरा पाव घेतला.

जाताना तो दारात थांबला. "पुन्हा सुरू करणार असशील ना ते?"

"नाही रे बाबा. आता धीर होत नाही."

"करशील तू. मला माहीत आहे." टोपी चढवत तो म्हणाला, "पण आधी फोन करून विचार. मला नाही, माझं सोड. बाकीच्यांना."

त्या आठवड्यात व्हर्ना फोनपाशी बसली. मायनर्सपैकी कोण हयात आहे, कोण कुठे आहे, हे तिला पाठ होतं. पहिला फोन तिने ग्रीन बे शहरात राहणाऱ्या एका जुन्या बचावपटूला लावला. गिरकी घेणारा तोच. घंटा वाजत होती. तो नाही म्हणाला तर? ओळखच दिली नाही तर? पलीकडे कोणीतरी फोन उचलला, आणि व्हर्नाने घसा साफ केला.