बेचिराख

कारखाना बंद पडला तसं कामगार वसाहतीतलं एकेक घर रिकामं होऊ लागलं, आणि वायरमनच्या तोंडी एकच शब्द बसला. "वसाहत बेचिराख होणार," असं तो दिसेल त्याला धरून सांगायचा. शेवटी शाळेतल्या गुरुजींनी त्याला थांबवलं. "अरे, त्यात राख नाही. मूळ शब्द फारसी, बेचिराग. चिराग म्हणजे दिवा. ज्या गावात दिवा लावायला माणूस उरला नाही, ते बेचिराग." एवढं ज्ञान देऊन गुरुजी दुसऱ्याच दिवशी बाडबिस्तरा टेम्पोत टाकून पसार झाले. वायरमनच्या डोक्यात मात्र किडा सोडून गेले.

मग या पठ्ठ्याने काय करावं? दिवेलागणीला रिकाम्या घरांतून हिंडायचं आणि रस्त्याकडच्या खिडकीत एकेक बल्ब पेटवायचा. मोठे साहेब पाहणीला येणार होते. दिवे दिसले तर वसाहत पाडणार नाहीत, कारखानाही सुरू होईल, असं त्याने मनाशी पक्कं धरलेलं. बायको सांगून सांगून थकली. "अहो, भिंतींसाठी दिवे लावता, आणि मी इथे एकटी जीव मुठीत धरून बसते. आपण लेकीकडे जाऊ." "साहेब येऊन जाऊ देत," हे त्याचं ठरलेलं उत्तर.

बल्ब उडू लागले. दुकान तर केव्हाच उठलं होतं. मग त्याने स्वतःच्या घरातले बल्ब काढायला घेतले. आधी व्हरांड्यातला, मग खोलीतला, आणि साहेब येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी स्वयंपाकघरातला. "कोपऱ्यावरचं घर अंधारात नको दिसायला. आलोच," म्हणून गेला तो शेवटच्या ओळीपर्यंत रेंगाळला.

परतला तेव्हा दारात जावयाची गाडी. आईला घेऊन या, म्हणून लेकीनेच नवऱ्याला पाठवलं होतं. बायको मागच्या सीटवर पाय लांब करून कण्हत होती.

"पडल्यात," जावई म्हणाला. "दवाखान्यात नेतो. बसा तुम्हीही."

"तुम्ही व्हा पुढे. उद्या साहेब येऊन गेले की निघालोच."

बायकोने तोंड फिरवलं. त्याचा धसका घ्यावा, एवढीही अक्कल त्या घटकेला त्याला नव्हती.

गाडी वळली. घरात मिट्ट काळोख. धावत जाऊन त्याने कोपऱ्यावरच्या घरातला तापलेला बल्ब फडक्याने काढून आणला आणि आपल्या स्वयंपाकघरात लावला. बादली आडवी पडली होती. फरशीभर पाणी. त्या पाण्यातून ओट्यापासून दारापर्यंत सरपटत गेल्याची खूण होती, आणि दाराशी भिंतीवर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, ओल्या हातांचे ठसे.

हाका मारल्या असतील तिने. ऐकायला वसाहतीत दुसरं माणूसच नव्हतं. समोरच्या खिडक्या तेवढ्या लख्ख उजळल्या होत्या.

तो तिथेच पाण्यात बसला आणि तिला हाका मारू लागला.