मुंग्या न लागलेला पेढा

गोडाचा डबा पाण्याच्या ताटलीत ठेवायचा, म्हणजे मुंग्या लागत नाहीत. ही आईची सवय माझ्याही हाताला लागली ती कायमची. शेजारच्या मुलीच्या निकालाचे पेढे आले, तेही मी डब्यात काढून तसेच ठेवले.

आज केर काढताना फ्रीजखालून एक पेढा निघाला. त्या दिवशी घरंगळला असणार, म्हणजे चार दिवस झाले. वरची केशराची काडीसुद्धा जशीच्या तशी. बुरशी नाही, वास नाही, आणि एकही मुंगी नाही.

पूर्वी साखरेचे चार दाणे सांडले तरी खिडकीपासून ओट्यापर्यंत रांग लागायची. मी वैतागून हळद टाकत बसायची. ती रांग कधी बंद झाली, ते काही केल्या आठवेना.

"अहो, आपल्याकडच्या मुंग्या गेल्या कुठे?"

"बरंच झालं की," पेपरातून मान वर न काढता हे म्हणाले.

बरं कसं झालं? मुंग्याच उरल्या नाहीत, की त्या आल्या, पेढा हुंगला आणि परत गेल्या? यातलं जास्त भीतीचं कुठलं, ते मला ठरवता येईना. एवढ्याशा जिवाला जे कळलं, ते आपल्याला कधी कळणार?

ताटलीतलं पाणी स्वच्छ होतं. त्यात एकही मुंगी बुडालेली नव्हती.

ह्यांनी डब्यातला एक पेढा उचलला, अर्धा तोंडात टाकला आणि अर्धा माझ्यापुढे धरला. "घे गं, अजून ताजे आहेत."

मी खाल्ला. छान गोड होता.