विहीणबाई बारमध्ये जेवायच्या

"काकू, दोघांतल्या एकाला परत आत नेलंय," मुलाचा मित्र फोनवर म्हणाला.

"कुणाला?"

"ते कळत नाहीये. नर्सनं नुसतं आडनाव सांगितलं आणि पळाली. आडनाव दोघांचं एकच ना. मी विचारतो परत. फोन हातातच ठेवा."

"पण कशासाठी?"

"ब्लीडिंग थांबत नाहीये म्हणाली."

मी फोन टेबलावर ठेवला. समोर विहीणबाई बसल्या होत्या. त्या पोराचा आवाज मोठा, त्यांनी सगळं ऐकलं होतं. हॉस्पिटलात दोघं होती, माझा मुलगा आणि त्यांची मुलगी. मुलीनं आपली एक किडनी नवऱ्याला दिली होती. दोघांची ऑपरेशनं नीट झाली असं आम्हाला दुपारी सांगितलं होतं, म्हणून तर आम्ही दोन घास खायला बाहेर पडलो होतो.

आम्ही एकमेकींकडे बघितलं नाही. मी मनात म्हणाले, तिची मुलगी असू दे. सून माझी चांगली होती, तरी असंच म्हणाले. विहीणबाई मनात काय म्हणाल्या ते मला विचारायची गरज नव्हती.

बर्मिंगहॅममध्ये हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत तो स्पॅनिश लोकांचा बार होता. बार म्हटलं की मला आमच्याकडचे पडदे लावलेले अंधारे बार आठवायचे. हा तसला नव्हता. पत्र्याचं काउंटर, डगमगणारी टेबलं, भिंतीवर टीव्ही आणि वर आकड्याला टांगलेल्या डुकराच्या सुकवलेल्या तंगड्या. खाली जमिनीवर चुरगाळलेले कागदी रुमाल. आत टॅक्सीवाले, हॉस्पिटलातले सफाईचे लोक, आणि आमच्यासारखे, ज्यांचं कुणीतरी आत आहे असे. मालकीण माझ्याच वयाची. दिवसभर काउंटरमागे स्टुलावर बसून बटाटे सोलायची. तिला इंग्रजी आमच्याहून थोडंच जास्त येत होतं. तिची एक रीत होती. मागच्या टेबलांवर, म्हणजे हॉस्पिटलवाल्यांच्या बाजूला, कुणाचा फोन वाजला की ती टीव्हीचा आवाज बंद करायची. मग काउंटरवरचे पुरुषही बोलायचे थांबायचे. फोन संपला की आवाज पुन्हा सुरू.

हा बार विहीणबाईंनी शोधला होता. त्याचं कारण असं, की आमच्याकडे मुलीला मूल होईपर्यंत आईबाप तिच्या घरचं खात नाहीत. आता कोण पाळतं? पण विहीणबाई पाळायच्या. लग्नाला सात वर्षं झाली, पोरांना मूल नव्हतं. ऑपरेशनसाठी त्या साताऱ्याहून आल्या, लेकीच्या घरी राहिल्या, लेकीच्या पलंगावर झोपल्या, पण घास तोंडात घालायचा नाही. बरोबर आणलेले लाडू-चिवडा संपले. मग तपासण्यांसाठी रोज हॉस्पिटलला जाणं सुरू झालं तेव्हा त्यांनी मागच्या गल्लीत हा बार गाठला. स्वतःच्या पैशानं बटाट्याचं जाड ऑम्लेट आणि पाव खायच्या.

"त्यात अंडं असतं," मी पहिल्या दिवशी सांगितलं.

"असू दे. अंड्यानं कुणी मेलंय?"

"डोक्यावर डुकराच्या तंगड्या लोंबतायत तिथं जेवता, आणि माझ्या हातची भाकरी चालत नाही होय?"

"तुमच्या हातची चालते हो विहीणबाई. लेकीच्या घरातली चालत नाही. तुमच्या गावी बोलवा, दोन खाईन."

"गावाकडं चूल बंद आहे माझी."

"मग हाय ना ही बाई," म्हणत त्यांनी मालकिणीकडे बघून मान डोलवली. मालकिणीनं आणखी पाव आणून ठेवला. तिला वाटलं, मागितला.

आमचं दोघींचं कधीच पटलं नाही. किडनीवरून तर मधे बोलणंच तुटलं होतं. त्यांना लेकीनं द्यायला नको होती. "उद्या तिला दिवस गेले तर एका किडनीवर कसं निभायचं?" म्हणायच्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं की एका किडनीवरही मूल होतं, तरी त्यांचा विश्वास नव्हता. माझी किडनी जुळली नाही, वयही झालेलं. मी म्हणाले, ती स्वतःहून देतेय तर तुम्ही आड येऊ नका. मुलगा माझा होता, मी आणखी काय म्हणणार? मुलगा आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या मशीनवर जात होता, त्याच्या दंडावर दोरखंडासारखी शीर उठली होती. ते बघायला मी होते, त्या नव्हत्या.

तर त्या दिवशी फोन आल्यावर टीव्हीचा आवाज बंद होता. फोन संपला तरी मालकिणीनं तो सुरू केला नाही. आमची तोंडं तिला दिसत असणार. टीव्हीत बिनआवाजाची माणसं चेंडूमागे पळत होती. ताटात दोघींची ऑम्लेटं तशीच. विहीणबाईंनी एक कागदी रुमाल घेतला आणि टेबल पुसायला लागल्या. त्या रुमालानं काही पुसलं जात नाही, गुळगुळीत असतो तो. तेल नुसतं इकडून तिकडे गेलं.

"घरून नीट देवाला हात जोडून निघालो होतो ना आपण?" त्या म्हणाल्या.

"हो."

"मग?"

पुन्हा फोन वाजला. काउंटरवर एक जण हसत होता, तो गप्प झाला.

"काकू, तो आहे. वहिनी ठीक आहेत, वॉर्डात आहेत. तुम्ही या लगेच."

विहीणबाईंचा श्वास सुटला. मोठ्यानं सुटला, भाता दाबल्यासारखा. मी ऐकला आणि मी ऐकलाय हे त्यांना कळलं. मला राग आला नाही. फोन उलटा आला असता तर माझाही तसाच सुटला असता. पण दुसऱ्याच क्षणी त्या उठल्या, माझा कोट खुर्चीवरून काढला आणि माझा हात धरून बाहीत घातला, लहान पोराला घालतात तसा. माझ्यानं होत नव्हतं. मालकीण काउंटरबाहेर आली. पैसे काढायला लागलो तर तिनं नको म्हणून हात हलवला आणि दार उघडून धरलं.

नवी किडनी जोडली होती तिथून रक्त जात होतं. ते थांबलं, पण मग हृदय थांबलं. संध्याकाळी डॉक्टर आला, खाली बसला. उभा डॉक्टर खाली बसला की समजायचं. मुलाचा मित्र मराठीत सांगायला लागला आणि त्याला सांगता येईना. मी म्हटलं, राहू दे बाबा, कळलं.

सुनेला ते विहीणबाईंनी सांगितलं. मी आत गेले नाही. दारातून दिसलं तेवढं दिसलं.

घरी आलो तेव्हा मी स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसले ते बसलेच. घरात मयत झालं की त्या घरी चूल पेटत नाही. कुणीतरी बाहेरून पिठलं-भाकरी आणून माणसांना खायला घालतं. इथं बाहेरून कोण आणणार? विहीणबाईंनी कोट न काढताच फडताळं उघडायला सुरुवात केली. बेसन सापडलं, मी आणलेलं ज्वारीचं पीठ सापडलं. पीठ जुनं झालेलं, भाकरी कडांना चिरत होत्या. त्यांनी त्या तशाच थापल्या. एक ताट माझ्यापुढे ठेवलं.

"खा."

"नको."

"खायचं असतं."

मग त्यांनी आणखी एक ताट घेतलं, लेकीच्या रॅकमधलं, लेकीच्या घरातलं. त्यात पिठलं वाढून घेतलं आणि माझ्यासमोर बसून खाल्लं. आता नातवंडाची वाट बघण्यासारखं काही उरलं नव्हतं, ते त्यांनाही कळत होतं. पिठल्यात मीठ कमी होतं. दोघींनी संपवलं.

दोघांना एकाच सकाळी आत नेलं होतं. सून जगली.