उपाशीपोटी घेतलेली गोळी

दवाखान्यातली नोकरी संपली तेव्हा मी ठरवलं होतं, आता कुणाच्या नाडीला हात लावायचा नाही. पण आमचे पाळक फार गोड बोलतात. पूर्णा जंक्शनजवळच्या आमच्या छोट्या चर्चमध्ये रविवारची उपासना संपली, की व्हरांड्यात टेबल टाकून मंडळीचं बीपी, शुगर तपासायचं काम त्यांनी माझ्या गळ्यात मारलं. फुकटची सिस्टर मिळाल्यावर सोडतंय कोण! मी चिडते, बडबडते, आणि दर रविवारी मशीन पिशवीत घालून जाते.

लोकांना वाटतं, सिस्टर कशाला भीत नाही. साफ खोटं. दवाखान्यात हाकेला डॉक्टर असतो, सलाईन असतं. चर्चमध्ये मी एकटी, आणि समोर पेशंट नसतात, आपलीच माणसं असतात. त्यांच्या लेकरांच्या बाप्तिस्म्याला आपण जेवलेलो असतो. तिथं मला भीती वाटते, अजूनही वाटते.

तो उत्तम शुक्रवार होता, म्हणजे गुड फ्रायडे. त्या दिवशी आमची उपासना दुपारभर चालते. येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात, आणि ते संपेपर्यंत बहुतेक जण पाणीसुद्धा घेत नाहीत. वर पत्रे तापलेले, पंखे नुसती गरम हवा ढवळत होते. आदल्या रविवारी मी पाळकांना जाहीर करायला लावलं होतं, की शुगरवाल्यांनी उपास धरू नये. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

माझ्या शेजारी सतरंजीवर एक मावशी बसल्या होत्या. रेल्वेतल्या गँगमनची विधवा, एकुलती एक लेक चुडाव्याला दिलेली. लेकीची दोन लेकरं पोटातच गेली होती, आता तिला परत सातवा महिना लागला होता. चौथ्या उद्गाराला मावशी रडायला लागल्या. उत्तम शुक्रवारी रडण्यात नवल नाही, त्यामुळे कुणी वळून पाहिलं नाही. मग त्या डुलायला लागल्या, पुटपुटायला लागल्या. पुढच्या एकीनं मागं बघितलं आणि तिच्या तोंडून 'हालेलूया' निघालं. मावशींवर पवित्र आत्मा उतरला, असं बायकांना वाटलं. दोघीतिघींनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून मोठमोठ्यानं प्रार्थना सुरू केली.

मी मावशींचा हात धरला. त्या उकाड्यात तो गार होता, घामानं चिंब.

"मावशी, सकाळी शुगरची गोळी घेतली का?"

"घेतली की. दोन्ही बी घेतल्या." जीभ जड झाली होती.

"आणि खाल्लं काय?"

"उपास हाय न्हवं? गोळीनं काय उपास मोडत न्हाई."

गोळी म्हणजे काही अन्न नव्हे, तेव्हा गोळीही घ्यायची आणि उपासही पाळायचा! सिस्टरचंही ऐकलं, देवाचंही ऐकलं. हा हिशेब आमच्याच मंडळीला सुचू शकतो.

"हात काढा आधी! शुगर उतरलीय त्यांची, साखर आणा कुणीतरी!" मी ओरडले. बोलणारा भाऊ मधेच थांबला. उपासाच्या दिवशी चर्चमध्ये साखर कुठली असणार? एका पोरीच्या पर्समध्ये चॉकलेट निघालं. ते ओठांशी नेलं, तर मावशींनी दातखीळ बसल्यासारखं तोंड घट्ट मिटलं आणि मान फिरवली.

"न्हाई. लेकीच्या नावाचा उपास हाय. मोडला तर लेकरू जाईल तिचं."

तेव्हा मी खरी घाबरले. लेकीचं लेकरू वाचावं म्हणून ही बाई माझ्या डोळ्यांदेखत जाणार होती. जबरदस्तीनं भरवावं तर घशात अडकून श्वासच बंद व्हायचा. त्यांच्या पापण्या जड होत चालल्या होत्या.

आदल्या दिवशी प्रभुभोजन झालं होतं, भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा विधी. त्यासाठी पाळकीणबाई काळे मनुके साखर घालून उकळतात आणि द्राक्षारस करतात. उरलेली बाटली आतल्या खोलीत असणार.

"द्राक्षारस आणा!"

"सिस्टर, पवित्र हाय तो," एक वडीलधारे म्हणाले.

"म्हणूनच घेतील त्या!"

पाळक स्वतः बाटली आणि प्याला घेऊन धावत आले. वाकून म्हणाले, "मावशी, हा प्रभूचा प्याला आहे. यानं उपास मोडत नाही."

मावशींचं तोंड उघडलं. मी घोट घोट पाजत होते आणि दर घोटाला त्यांच्या गळ्याकडे बघत होते. एक ठसका लागला असता तर सगळं संपलं असतं. प्रार्थना म्हणावी तर मला एक शब्द आठवत नव्हता. बऱ्याच वेळानं त्यांची नजर माझ्यावर ठरली.

"सिस्टर, समदे माझ्याकडं का बघायलेत?"

मी तिथंच बसून रडले, आणि रडता रडता एक विचार आला तशी ताडकन उठले.

"अजून कुणी गोळी घेऊन उपाशी बसलंय? खरं सांगा. मी रागावणार नाही."

रागावणार नाही, हे खोटं होतं, ते सगळ्यांना माहीत होतं. मग मागच्या भिंतीकडे एक हात वर झाला. मग पुरुषांच्या बाजूला एक. मग गाणाऱ्यांमधून एक. रविवारी डोललेल्या त्याच माना आता खाली गेल्या होत्या.

पाळक माझ्या शेजारीच बाटली धरून उभे होते. हळूच म्हणाले, "सिस्टर, मी पण."

ते खुर्चीवर बसायला गेले आणि खुर्चीच्या अलीकडेच, फरशीवर बसले.