तेजूची मुलाखत आणि माझी निवड

मागच्या वर्षी मी जळगावच्या एका डाळ मिलमध्ये नोकरीसाठी मुलाखत दिली. तेव्हा मला रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती आणि ती नोकरी मला नको होती.

हवी होती माझ्या मुलीला, तेजूला. अन्न तंत्रज्ञानात बी.टेक. करून पोरगी आठ महिने चोपड्याला घरी बसलेली. अर्ज धडाधड जात होते, उत्तर एकाचंही नाही. त्यात ही जाहिरात आली: डाळीची गुणवत्ता तपासणारा अधिकारी हवा. तेजू म्हणाली, "बाबा, मी भरते फॉर्म." मी म्हणालो, "तू अभ्यास कर. सरकारी कचेरीत चौतीस वर्षं मी लोकांच्या अर्जांतल्या चुका काढल्यात. फॉर्म म्हणजे माझ्या हातचा मळ!"

पाच मिनिटांत भरला. पाठवूनही टाकला!

आठवड्याने माझ्या मोबाइलवर पत्र आलं : 'श्री. सुभाष पाटील, आपणास मुलाखतीसाठी बोलावण्यात येत आहे.' मला वाटलं, काय सभ्य लोक आहेत! मुलीला बोलावतात, तर आधी बापाला कळवतात!

मग घरात तयारी सुरू झाली. मुलाखत घेणारे दोघं : मी आणि माझी थोरली बहीण अक्का. मी कोट घालून खुर्चीत बसलो (वैशाखात, चोपड्यात, कोट!) आणि घसा खाकरून विचारलं, "तुमच्यातला सर्वांत मोठा दोष सांगा."

"सकाळी आठशिवाय उठत नाही!" स्वयंपाकघरातून बायकोने उत्तर दिलं.

अक्काने तेजूला आपादमस्तक न्याहाळलं. "तुले सयपाक येस का?"

"अक्का, नोकरीची मुलाखत आहे! सोयरिकीची नाही!"

ठरल्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने आम्ही बापलेक जळगावला पोहोचलो. मिलच्या गेटवर वॉचमनने यादीवरून बोट फिरवलं. "तेजश्री पाटील नाव नाही. सुभाष पाटील आहे."

"तो मीच!" मी अभिमानाने म्हणालो.

"मग तुम्ही आत जा. ताई, तुम्ही इथंच थांबा."

"अहो, मुलाखत तिची आहे!"

"काका, ज्याचं नाव त्यालाच सोडायचं, असा हुकूम आहे."

तेजूने माझ्या हातातला मोबाइल घेतला, मी पाठवलेला फॉर्म उघडला आणि मटकन कट्ट्यावरच बसली. अर्जदाराचं नाव : सुभाष पाटील. (चौतीस वर्षांची सवय! नावाचा रकाना दिसला की हात आपोआप चालतो.) शिक्षण तिचं, फोटो तिचा. अनुभव : चौतीस वर्षे. (रिकामा रकाना मला बघवत नाही हो!) छंद : रांगोळी.

"बाबा," ती अगदी हळू म्हणाली, "आठ महिन्यांत हे पहिलं बोलावणं होतं."

ओरडली असती तर बरं झालं असतं. तिच्या डोळ्यांतलं पाणी बघून मी तडक आत घुसलो.

आत तीन जण बसलेले. मधल्या बाईंनी कागदावरचा फोटो पाहिला. मग मला पाहिलं. मग पुन्हा फोटो.

"हा फोटो..."

"माझ्या मुलीचा आहे."

"आणि रांगोळी?"

"तीही तिचीच."

मी पुढे बोलणार तेवढ्यात त्यांच्या शेजारच्या तरुण साहेबाने, कागदावरून नजरही न उचलता, ठरलेला प्रश्न टाकला, "डाळीतला ओलावा कसा तपासाल?"

विचारलं की उत्तर द्यायचं, हा माझा स्वभाव. "दाताखाली धरायची. कट्ट वाजली की कोरडी!"

बाईंना हसू आवरेना. तेवढ्यात मी हात जोडले. "मॅडम, चूक सगळी माझी आहे. पोरगी हुशार आहे, सकाळपासून पोटात काही नाही आणि ती गेटवर उभी आहे. तिला फक्त पाच मिनिटं द्या."

तेजूला आत बोलावलं. बाईंनी विचारलं, "एवढा घोळ झालाच कसा?"

मला वाटलं, आता माझा उद्धार होणार. पण तेजू म्हणाली, "चूक माझी आहे, मॅडम. तपासणीच्या जागेसाठी अर्ज केला आणि स्वतःचाच अर्ज तपासला नाही. बरोबर भरलेला अर्ज मी आत्ता गेटवरून पाठवलाय."

बाईंनी तूरडाळीचं एक ताट तिच्यापुढे सरकवलं. "बघून सांगा."

तेजूने डाळ मुठीत घेतली, बोटांतून सोडली, वास घेतला. "यात दोन वेगळ्या वेळचा माल मिसळलाय. त्यातला एक नीट वाळलेला नाही. पोत्यात भरला तर बुरशी धरेल."

"शक्यच नाही!" तरुण साहेब म्हणाला. "हा माल कालच पास केलाय!"

"यंत्रावर लावून बघा ना, सर."

साहेब ताट घेऊन तणतणत प्रयोगशाळेत गेला. परत आला तो पाय न वाजवता. बाईंनी नुसत्या भुवया उंचावल्या, त्याने नुसती होकारार्थी मान डोलावली. "सोमवारपासून येता येईल?" बाईंनी विचारलं. तेजू 'हो' म्हणायच्या आत मीच "हो!" म्हणून ओरडलो.

संध्याकाळी गल्लीभर पेढे वाटले. अक्काने तेजूची दृष्ट काढली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊ, पोर व्हती म्हणीसन निभावनं!"

दुसऱ्या दिवशी मला वेगळं पत्र आलं. 'श्री. सुभाष पाटील, आपल्या प्रदीर्घ अनुभवाचा आम्ही आदर करतो. परंतु आपली निवड होऊ शकली नाही, याचा खेद वाटतो.' बायकोने ते शेजारणींना दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं.

मी मात्र भेटेल त्याला छाती फुगवून सांगतो, "डाळ मिलच्या त्या जागेसाठी शेवटपर्यंत दोनच उमेदवार टिकले होते. त्यातला दुसरा मी!"