नाण्याची मागची बाजू

प्रल्हाद चाळीस वर्षं पुण्यात चांदीची भांडी उजळायचा. मी फिटर, त्याच्या दुकानाला लागून आमचं वर्कशॉप. आता दोघंही आपापल्या मुलांकडे, अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हाय गावात.

पहिलं वर्ष त्याला काहीच काम नव्हतं. नुसता खिडकीशी बसायचा. मग ओळखीतल्या हर्षिताने, ती नोकरी करते त्या लहानशा संग्रहालयात त्याला लावून दिलं. आठवड्यातून तीन दिवस. नाणी उभी धरायला पितळी तारेच्या पकडी करायच्या. एका पकडीला तो चार तास घ्यायचा. मी एकीवरून नख फिरवून पाहिलं, कुठे अडलं नाही. त्या दिवसांत तो पुन्हा ताठ चालायचा.

मार्चमध्ये एक इंग्लिश पेनी आली. चांदीची, साडेसातशे वर्षांपूर्वीची. नखाएवढी, कागदासारखी पातळ, काळीकुट्ट. माप घेऊन पकड करायची, एवढंच काम; ते त्याने त्याच दिवशी संपवलं. पण काळी चांदी लोकांसमोर ठेवायची म्हणजे त्याच्या धंद्यात कामचुकारपणा. दुसऱ्या दिवशी त्याने घरून बाटलीत रिठ्याचं पाणी आणि दंतमंजनाची पुडी नेली. जेवणाच्या सुट्टीत घासायला बसला. आधी मागची बाजू. हात बसला की राजाचा चेहरा.

हर्षिता आली तेव्हा मागची बाजू चकाकत होती.

"काका, हे काय केलंत?"

"उजळतोय. ओव्हरटाइम लावू नकोस."

ती हसली नाही. "इथे अक्षरं होती."

"मळ होता गं."

"वरची चांदीच गंजून काळी झाली होती, काका. अक्षरं त्या काळ्या थरातच उरली होती. नाव होतं."

"राजाचं ना? ते पुढे आहे की."

"राजाचं नाही. ज्याने नाणं पाडलं, त्या कारागिराचं."

काम त्याच दिवशी सुटलं. कोणी आवाज चढवला नाही. घरी येऊन त्याने मला सगळं सांगितलं. मी म्हणालो, माप घ्यायला सांगितलं तर माप घ्यावं. बरोबरच होतं, पण तेव्हा बोलायला नको होतं.

पुढे मी जाऊन पाहून आलो. पेनी चेहरा पुढे करून उभी आहे, पाठ भिंतीकडे. पकड प्रल्हादचीच. तारेचे तिन्ही आकडे चोख बसलेले.

तसं त्याला सांगितलं.

"पकडही बदलतील," तो म्हणाला.

दिवाळीत त्याच्या सुनेने, राधिकाने, चांदीचं निरांजन उजळायला त्याच्यापुढे ठेवलं. त्याने हात मांडीखाली घेतले. तिने थोडा वेळ वाट पाहिली आणि ते काळंच देवापुढे लावलं.